अखंड लगद्याची किंमत कोणी मोजावयाची?

कागद गिरणीतील डायजेस्टर हा वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा विषय वाटतो. वस्तुतः गिरणी आणि तिला लाकूड पुरविणारा यांच्यातील व्यवहाराचे गणितच त्यावर अवलंबून असते. जुन्या पद्धतीत लाकडाचे बारीक तुकडे पात्रात भरावयाचे, कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात काही तास शिजवावयाचे, लगदा काढावयाचा आणि पुन्हा नवा घाणा भरावयाचा, असा क्रम असे. योहान रिश्टर या अभियंत्याने स्वीडनमध्ये विकसित केलेल्या अखंड डायजेस्टरने तो मोडला. मनोऱ्यासारख्या उंच पात्रात तुकडे वरून सतत पडतात, सुमारे १५० ते १७० अंश सेल्सियस तापमानात शिजत खाली सरकतात आणि तळातून लगदा अव्याहत बाहेर पडतो. वाफेची बचत होते. लगद्याची प्रतही एकसारखी राहते.

परंतु या सोयीमागे एक अट दडलेली आहे. यंत्र थांबता कामा नये. उत्पादन थांबले तरी गुंतलेल्या भांडवलावरील व्याज व घसारा थांबत नाहीत. शिवाय लगद्यापासून वेगळे होणारे काळे द्रावण जाळूनच गिरणी वाफ व रसायने परत मिळविते. म्हणून एका पात्राचा खोळंबा साऱ्या गिरणीला भोवतो आणि लाकडाच्या भावाइतकेच महत्त्व त्याच्या निश्चित पुरवठ्याला येते.

आपल्या देशात ही निश्चिती दीर्घकाळ सरकारी जंगलांतील सवलतीच्या दराच्या बांबूने साधली. ही सवलत बंद व्हावी आणि उद्योगांनी लागवड करणाऱ्यांशी थेट संबंध जोडावेत, असे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले आणि २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले.

आज गिरण्यांचे बरेचसे लाकूड शेतकऱ्यांच्या सुबाभूळ व निलगिरीतून येते. तोडलेले लाकूड सुकते तसे वजन घटते. म्हणून शेतकऱ्याला थांबणे परवडत नाही. थांबणे गिरणीलाही परवडत नाही, पण तिच्या आवारात साठा असतो आणि सौद्यात तोच तिचा हुकमाचा पत्ता ठरतो. यावर उपाय म्हणजे लागवडीच्या वेळीच किमान भाव व खरेदीची हमी देणारा लेखी करार. त्याने खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. परंतु हमीचा खर्च मोजताना बंद यंत्राचा खर्चही त्याच वहीत मांडावयास हवा. अखंडतेचा लाभ ज्याच्या पदरी पडतो, त्यानेच तिची किंमत मोजणे न्याय्य आहे.