घाटातली आमरी, घरातली आमरी

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट सुमारे ४० किलोमीटरच्या अंतरात प्रवाशाला कोकणाच्या उष्ण, दमट हवेतून साडेचार हजार फूट उंचीवरच्या थंड पठारावर नेऊन सोडतो. वाटेत प्रतापगड दिसतो, खाली सावित्रीचे खोरे पसरलेले असते. पावसाळ्यात या रस्त्यावरून जाणाऱ्यांची नजर दरीतल्या धुक्याकडे आणि धबधब्यांकडे लागलेली असते. जुन्या वृक्षांच्या फांद्यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात शेवाळलेल्या सालीला घट्ट बिलगून, मातीचा कणही न मागता जगणारी एक वनस्पती आहे. तिला मराठीत आमरी म्हणतात. शहरातल्या फुलांच्या दुकानात ती ऑर्किड या नावाने ओळखली जाते.

खेड्यापाड्यांत अनेकदा तिची गणना बांडगुळात होते आणि बागेतल्या झाडावर दिसताच ती ओरबाडून टाकली जाते. हा तिच्यावर अन्यायच आहे. बांडगूळ आपली मुळे फांदीत रुतवून झाडाचा रस शोषते. आमरी झाडाकडून केवळ आधार घेते. पाणी पावसाचे आणि धुक्याचे, अन्न सालीच्या खाचेत साठलेल्या पालापाचोळ्याचे. यजमानाला तिची झळ लागत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबू लागले, की हीच वनस्पती 'सीतेची वेणी' म्हणून कौतुकाचा विषय होते. आसामात हेच फूल बिहूच्या सणाला स्त्रिया केसांत माळतात. डेंड्रोबियम प्रजातीतील पांढऱ्या फुलांची आमरी तर पाऊस संपल्यावर सारी पाने गाळून टाकते आणि ऐन कोरड्या दिवसांत निष्पर्ण काड्यांवर फुलते. मुंबई इलाख्यातील अशा आमरींचा अभ्यास करून फादर सांतापाऊ आणि कापडिया यांनी 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध केला.

असे सौंदर्य दिसले, की ते घरी नेण्याचा मोह होतो. फांदीवरून सोलून काढलेली आमरी पिशवीत घालून शहरात येते, कुंडीत मातीत पुरली जाते, तुळशीप्रमाणे तिला रोज पाणी मिळते आणि काही महिन्यांत तिची मुळे कुजतात. हानी त्या एका रोपाचीच होत नाही. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारखी बारीक अशी हजारो, कधी लाखो बीजे असतात. परंतु त्या बीजात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. योग्य सालीवर, योग्य बुरशीची साथ लाभली तरच त्यातले एखादे रुजते आणि फुलावर यायला त्याला वर्षे लागतात. एक वयात आलेले रोप जंगलातून गेले, म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांची बीजेही गेली. राखीव वनातून वनोपज काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने आमरीचे संपूर्ण कुळच नियंत्रणाखाली आणले आहे. कायद्याचा धाक नसता तरीही, आपल्या हौसेसाठी एका जिवाला त्याच्या घरातून उपटावे काय, हा प्रश्न उरलाच असता.

या प्रश्नाला संकरित आमरीने एक समाधानकारक उत्तर दिले आहे. इंग्लंडमधील वीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी दोन भिन्न जातींच्या संयोगातून तयार केलेले संकरित रोप १८५६ साली प्रथम फुलले. तरीही बीज रुजवणे पुढे दीर्घकाळ दैवाधीनच राहिले. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीच्या मदतीवाचून, काचेच्या भांड्यात ही बीजे रुजवता येतात हे दाखवले. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून एकसारखी असंख्य रोपे वाढवण्याची वाट खुली केली. एकेकाळी श्रीमंतांच्या काचघरात बंदिस्त असलेले फूल त्यामुळे सामान्यांच्या खिडकीत आले. आज नोंदलेल्या संकरांची संख्या एक लाखाच्या कितीतरी पुढे आहे. रोपवाटिकेत वाढलेले असे रोप घरी आणताना कोणत्याही फांदीवर जखम होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत आल्याने ते घरगुती हवेलाही अधिक सरावलेले असते.

घर बदलले, तरी आमरीचा स्वभाव मात्र झाडावरचाच राहतो. तिची निगा शिकायची असेल, तर घाटातील तिचे राहणे समजून घ्यावे. फांदीवर पावसाची सर येते, मुळे चिंब होतात. पाठोपाठ वारा येतो आणि ती सुकतात. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. ते क्षणात पाणी टिपते आणि ओले होताच हिरवट दिसू लागते. म्हणून मुळे चंदेरी दिसू लागली की पाणी द्यावे, हिरवी असताना थांबावे. दिवस मोजून पाणी देण्यापेक्षा ही खूण अधिक विश्वासाची. घरातल्या बहुतेक आमरी तहानेने मरत नाहीत. अतिप्रेमाने, म्हणजे अतिपाण्याने मरतात.

कुंडीत माती अजिबात नसावी. लोणारी कोळसा, विटांचे किंवा कौलांचे तुकडे आणि धुऊन घेतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मोकळे मिश्रण पुरेसे होते. कुंडीला तळाशी व बाजूंनी भरपूर छिद्रे असावीत; पारदर्शक प्लास्टिकची कुंडी घेतल्यास मुळांचा रंग बाहेरून दिसतो. पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे आणि ते पूर्ण निथळू द्यावे. बशीत साठू देऊ नये. फॅलेनॉप्सिस या रुंद पानांच्या आमरीच्या मध्यभागी पाणी साचले, तर गाभा कुजतो. निसर्गात ती फांदीवर तिरपी लटकते, त्यामुळे तिच्या पानांतले पाणी आपोआप ओघळते; घरातही कुंडी किंचित कलती ठेवल्यास तिला तोच लाभ मिळतो. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर क्षार बसतात, म्हणून शक्य असेल तेथे पावसाचे पाणी साठवून वापरावे.

प्रकाशही फांदीवरचाच हवा, म्हणजे पानांतून गाळून आलेला. पूर्वेची खिडकी किंवा हिरव्या जाळीखालची गच्ची योग्य. पाने गर्द हिरवी होऊन फूल येईनासे झाले तर प्रकाश कमी पडतो असे समजावे. पाने पिवळटली किंवा त्यांवर करपल्याचे डाग पडले तर ऊन जास्त होते. पावसाळ्यात कुंड्या पडवीच्या आत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी पण वारा खेळेल अशा बेताने टांगाव्यात. नवी मुळे-पाने वाढत असताना १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत, लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरते. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. दर दोन वर्षांनी, फुले ओसरल्यावर आणि नवी मुळे डोकावू लागल्यावर, मिश्रण बदलावे.

रोप निवडताना गावाची उंची विचारात घ्यावी, आणि येथे आंबेनळीचा घाट पुन्हा उपयोगी पडतो. घाटाच्या पायथ्याशी, महाड-पोलादपूरच्या उबदार हवेत संकरित डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस सुखाने राहतात, कारण त्यांचे पूर्वज आग्नेय आशियाच्या उष्ण, दमट अरण्यांतले. हिवाळ्यात काही आठवडे रात्री गार झाल्या, की फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटण्यास चालना मिळते. सिंबिडियमला मात्र थंड रात्री लागतात. घाटमाथ्यावर ती फुलेल, पायथ्याशी नुसती पानेच वाढवील. शेजारच्या घरातले सुंदर फूल पाहून रोप घेण्याऐवजी आपल्या अंगणातल्या हवेत काय रमेल, हे आधी पाहणे हिताचे.

कीड हा नाजूक विषय. सूक्ष्म जिवालाही जपणाऱ्या कुटुंबांत कीटकनाशकाची फवारणी मनाला पटत नाही आणि तिची गरजही बहुधा पडत नाही. पिठ्या ढेकूण साचलेल्या, कोंदट जागी वाढतो. रोपांत अंतर ठेवावे, वारा खेळता राहू द्यावा, आठवड्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पानांच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, सुकलेली पाने वेळीच काढावीत. नवे रोप आणल्यावर पंधरा दिवस ते इतरांपासून दूर ठेवावे. खत घेतानाही वेष्टन वाचावे. बाजारातल्या काही खतांत हाडांचा चुरा किंवा मासळीचा अर्क असतो. कीड होऊच नये अशी व्यवस्था ठेवणे, हीच तिच्यावरची सर्वांत सौम्य आणि सर्वांत परिणामकारक उपाययोजना.

फॅलेनॉप्सिसचा बहर रोपावरच दोन-तीन महिने टिकतो. ते फूल खुडण्याची आवश्यकता नाही. दिवाणखान्यात कुंडी ठेवली की घर प्रसन्न होते आणि रोपही अखंड राहते. ज्या मुलांच्या हाती अशी एखादी कुंडी सोपवली जाते, ती मुळांचा रंग पाहून पाणी देण्यास शिकतात. दुसऱ्या जिवाची गरज त्याच्याकडे पाहून ओळखावी, आपल्या सोयीने ठरवू नये, हा संस्कार त्यातून सहज होतो. पुढे कधी आंबेनळीतून जाताना एखाद्या जुन्या फांदीवर सीतेची वेणी लोंबताना दिसली, तर ती मुले गाडी थांबवून तिच्याकडे डोळे भरून पाहतील आणि तिला तिथेच ठेवून पुढे जातील.