मोटारीपासून दारापर्यंत

सांडोरहून सहार विमानतळावर जाणाऱ्या अपंग प्रवाशाची कसोटी विमानात नव्हे, मोटारीतून उतरतानाच लागते. विमान कंपनीची चाकांची खुर्ची दारापाशी मिळेल; पण तिथवर पोचायचे कसे? केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, राखीव जागा ३.६ मीटर रुंद व प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी. ही रुंदी म्हणजे चैन नव्हे. मोटारीचे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावावयास तेवढी लागतेच. तेथे ‘दोन मिनिटांपुरती’ गाडी उभी करणाऱ्या धडधाकट सद्‌गृहस्थांना याची कल्पना नसावी! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात विमानतळावरील वाहनतळाचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही निकष शिफारशीवजाच राहिले, आणि ते सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारला बजावावे लागले. विमानतळाच्या चालकांनी आता नुसते पट्टे आखून न थांबता जागा अडविणाऱ्यांकडून दंडही वसूल करावा.