दाताची कॅप : ताकद आणि झीज

डहाणूचा चिकू मऊ. परंतु डहाणू-तलासरीच्या घरांतील सुके बोंबील आणि जेवणानंतरची सुपारी कॅप बसवलेल्या दाताची परीक्षा घेतात. वाकताना न तुटण्याची ताकद साध्या पोर्सिलेनमध्ये १०० मेगापास्कलच्या आसपास, तर पारंपरिक झिर्कोनियात सुमारे १,००० असते. मग असा टणक पदार्थ समोरचा नैसर्गिक दात झिजवील, अशी शंका आपणांस येईल. प्रत्यक्षात पृष्ठभागाचा खडबडीतपणा अधिक घातक. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला पोर्सिलेनहून कमी झिजवतो. म्हणून चावा जुळवण्यासाठी कॅप घासावी लागली, तर ती पुन्हा पॉलिश करून घ्यावी. ज्येष्ठ व्यक्ती झोपेत दात खात असल्यास शुश्रूषा करणाऱ्याने दंतवैद्यास आवर्जून सांगावे. सुपारी मात्र कॅपसाठीच नव्हे, तोंडाच्या आरोग्यासाठीही वर्ज्यच समजावी.