वारसा श्रीमंतांचा, भंगार गरिबांचे

सन २०२१ मध्ये जून ते ऑक्टोबर या अवघ्या चार महिन्यांत केंद्र सरकारने चार निर्णय केले. ते निरनिराळ्या खात्यांच्या कागदांवर छापले गेले. त्यामुळे त्यांचे परस्परांशी असलेले नाते फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ३० जूनला संरक्षण उत्पादनातील कामगारांचा संप बेकायदा ठरविण्याचा अधिकार देणारा वटहुकूम निघाला; पुढे त्याचाच कायदा झाला. जुलैच्या मध्यास पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून खास नोंदणी देणारे नियम आले. १३ ऑगस्टला जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचा शुभारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. आणि १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी करण्यात आली. या चारही निर्णयांची गाठ एकाच ठिकाणी पडते, आणि ते ठिकाण म्हणजे सैन्याने टाकून दिलेली जुनी जीप.

या जिपेला आज बाजार आहे. हरयाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवालीत, बंगालमधील पानागढला, दिल्लीच्या मायापुरीत सैन्याच्या गाड्या येतात, सुट्या होतात, पुन्हा जुळतात. दुसऱ्या महायुद्धातील विलिस आणि फोर्डच्या जिपा, जबलपूरची जोंगा, शक्तिमान ट्रक या नावांभोवती महानगरांतील हौशी धनिकांचे एक जगच उभे राहिले आहे. बोनेटवरचा मूळ क्रमांक, पाटीवरचा उभा बाण, ऑलिव्ह रंगाची नेमकी छटा यांवर भाव ठरतो. एका नामवंत क्रिकेटपटूने २०१९ साली जोंगा घेतली, तेव्हा वृत्तपत्रांनी छायाचित्रांसह बातम्या दिल्या. ती गाडी कोणी घडविली, हे विचारण्याची गरज एकालाही वाटली नाही.

जोंगा हे नावच मुळी जबलपूरच्या सरकारी आयुध कारखान्यांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे आहे. निस्सानच्या आराखड्यावरून ती जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार होत असे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रकही याच शहरात १९५९ पासून बनू लागले. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या कारखान्यात, जनतेच्या सैन्यासाठी, संघटित कामगारांनी घडविलेली ही वाहने. त्यांचे ‘वारसामूल्य’ ज्या वर्षी कायद्याने मान्य झाले, त्याच वर्षी ती घडविणाऱ्या कामगाराच्या हातून संपाचे हत्यार काढून घेण्यात आले. वस्तूचा गौरव आणि निर्मात्याची मुस्कटदाबी हे एकाच धोरणाचे दोन हात आहेत.

आता व्यवहाराकडे पाहू. सैन्याने बाद ठरविलेली गाडी सुटी मिळत नाही. तिचा लिलाव लॉटने होतो, आधी बयाणा भरावा लागतो, माल उचलायला मुदत असते. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर गिअरबॉक्स उघडले, ज्याला आवाजावरून क्रँकशाफ्टची झीज कळते, त्याला या लिलावात उभे राहता येत नाही. तिथे भांडवल लागते. ते व्यापाऱ्याकडे असते. लॉट व्यापारी उचलतो, मिस्त्री त्याच्याकडे दिवसाच्या मजुरीवर राबतो, आणि भंगाराच्या भावाने आलेले लोखंड जिवंत होऊन ‘दुर्मीळ’ म्हणून विकले जाते. या दोन किमतींमधली तफावत मिस्त्रीच्या हातांनी निर्माण झालेली असते. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ते घासताना उडणारी धूळ त्याच्याच छातीत जाते. सरकारी लिलावातून बाहेर पडलेला माल कोण फोडतो, याची फिकीर विकणाऱ्याला नसली की काय होते, हे मायापुरीने २०१० साली पाहिले आहे. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातील कोबाल्टच्या किरणोत्सर्गाने तिथे एका भंगार कामगाराचा बळी घेतला होता.

जुन्या लष्करी जिपांच्या खरेदीविक्रीत सार्वजनिक पैसा गडप होणे हे या देशाला नवे नाही, हेही जाता जाता नोंदविले पाहिजे. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा जिपांचाच होता. १९४८ साली लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांनी केलेल्या त्या सौद्यातून भारतात पोचल्या त्या १५५ जिपा, आणि त्याही निरुपयोगी. १९५५ साली प्रकरण मिटल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी कृष्ण मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात दाखल झाले.

परंतु खरा अन्याय नियमांच्या मांडणीत आहे. साताऱ्या-सांगलीकडे जिला वडाप म्हणतात आणि विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी, ती जीप एस. टी. न पोचणाऱ्या गावांची वाहतूक वर्षानुवर्षे करीत आली. तिचा मालक बहुधा चालकच असतो. पंधरा वर्षे झाली की त्याच्यामागे फेरतपासणीचा आणि वाढीव शुल्काचा ससेमिरा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,०००वर, आणि ट्रक-बसच्या योग्यता प्रमाणपत्राचे १,५०० वरून १२,५००वर गेले. सरकारी महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील बसगाड्यांची तर १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीच संपली. गाडी धडधाकट आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. व्हिंटेज गाडीला मात्र एकदा २०,००० रुपये भरले की दहा वर्षांची निश्चिंती आणि नंतर केवळ ५,०००. अट एवढीच की ती भाड्याने चालवायची नाही, रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला, शर्यतीला, दुरुस्तीला तेवढी न्यायची. म्हणजे गाडीने कोणाच्याही उपयोगी पडू नये, ही वारसा ठरण्याची कायदेशीर अट झाली! पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये पस्तीस वर्षे आहेत. तेवढा काळ गाडी नुसती उभी ठेवून जगविणे ज्याला परवडते, त्याचीच गाडी पन्नाशी गाठणार.

जुनी वाहने धूर ओकतात, हा आक्षेप खरा आहे आणि समाजवाद्यांनी तो उडवून लावता कामा नये. त्या धुराचा पहिला बळी रस्त्यावर राबणाराच असतो. पण मग मोजावा तो धूर. वय आणि मालकाची ऐपत नव्हे. फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जिपांतूनच ‘जीपनी’ ही गरिबांची वाहतूक जन्मली. तेथे २०१७ पासून आधुनिकीकरणाच्या नावाखाली महाग नव्या गाड्यांचे ओझे चालकांवर पडू लागले, तेव्हा ते संपावर गेले. प्रदूषण त्यांनाही नको होते. त्याची सारी किंमत एकट्याने मोजणे त्यांना मान्य नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा आहे. हा चार हौशी लोकांचा छंद, त्यावर पक्षाने शब्द का खर्च करावेत, असे ते विचारतात. छंदावर कोणाचाच राग नाही. प्रश्न सार्वजनिक मालमत्तेच्या विल्हेवाटीचा आहे. लिलावाचे लॉट लहान करून मिस्त्रींच्या सहकारी संस्थांना त्यांत राखीव वाटा का नसावा? हमालांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. गॅरेज आणि भंगार बाजारातील कामगारांसाठी त्या धर्तीचे मंडळ का होऊ नये? व्हिंटेजला मिळणारी सवलत वडापवाल्याला नवी गाडी घेण्यासाठी स्वस्त कर्जाच्या रूपाने का मिळू नये? या तीन मागण्या घेऊन तालुक्या-तालुक्यांतील वडाप संघटनांच्या आणि गॅरेज कामगारांच्या बैठका घेण्याचे काम कार्यकर्त्यांपुढे आहे. आरटीओच्या दारात शुल्काची पावती हातात घेऊन उभा असलेला चालक त्या बैठकीला येण्यास तयार आहे. त्याला बोलावणारे कोणी गेलेले नाही.