हिमगुहांच्या सहलीचा बेत कसा आखावा?

प्रवास पुष्कळ लोक करतात. परंतु प्रवासाचा बेत नीट आखणारे थोडे. बेत म्हणजे गाडीची वेळ, फराळाचे डबे आणि रजेच्या दिवसांचा हिशेब, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बांधीव रस्त्याच्या प्रवासाला ती पुरेशी आहे. पण जेथे पायाखालची वाट थंडीने घडविलेली असते व वाऱ्याने केव्हाही मोडू शकते, तेथे एवढ्याने भागत नाही. आपल्याकडील कित्येक तरुण विद्येसाठी व उद्योगासाठी अमेरिकेच्या उत्तर भागात जाऊन राहिले आहेत, आणि तेथील नैसर्गिक हिमगुहा पाहण्याची इच्छा त्यांना होणे साहजिक आहे. उद्या आमच्या वाचकांपैकीही कोणी तेथे जाईल. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन संस्थानाच्या उत्तर टोकाला सुपीरिअर नावाचे सरोवर आहे. गोड्या पाण्याच्या सरोवरांत पृष्ठभागाच्या विस्ताराने ते जगात सर्वांत मोठे असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. तेथील ओजिब्वे लोकांनी त्याला ‘महासागर’ अशा अर्थाचे नाव दिले आहे, ते अन्वर्थकच म्हटले पाहिजे. या सरोवरात ‘प्रेषितांची बेटे’ नावाचा एक द्वीपसमूह आहे. नावावरून बेटे बारा असावीत असे वाटेल. प्रत्यक्षात ती बावीस आहेत. १९७० साली तेथे राष्ट्रीय संरक्षित किनारा स्थापन झाला, आणि आज त्यात त्यांपैकी एकवीस बेटे व मुख्य भूमीवरील किनाऱ्याची एक पट्टी मोडते. प्रसिद्ध हिमगुहा याच मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर, कॉर्नुकोपिया या लहानशा गावाजवळ आहेत.

या गुहा मुळात बर्फाच्या नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तेथील कडे वालुकाश्माच्या पातळ थरांचे आहेत. लाटांचे तडाखे आणि फटींत शिरून गोठणारे पाणी यांनी ते थर झिजून कमानी, कोनाडे व दालने तयार झाली. उन्हाळ्यात त्यांतून होड्या फिरतात. हिवाळा आला की दगडांतून पाझरणारे पाणी गोठून छतापासून लोंबते सुळे व पुढे मोठे स्तंभ बनतात. उडालेल्या लाटांचे तुषार भिंतींवर थिजतात. आणि खालचे सरोवरच गोठून दालनांची जमीन होते. कोठे बर्फ निळसर, तर कोठे खनिजांच्या योगाने पिवळसर वा तांबूस दिसतो. हे सारे पाहण्यासाठी मायर्स बीच नावाच्या पुळणीवरून गोठलेल्या सरोवरावर सुमारे एक मैल चालत जावे लागते. जाण्यायेण्याचे दोन मैल आणि कड्याच्या कडेने जितके फिरावे तितके अधिक.

खरी गोम या मैलात आहे. लहान तळे एकदा गोठले की बहुधा वसंतापर्यंत गोठलेलेच राहते. सुपीरिअरचे तसे नाही. जमिनीकडून वाहणारा जोराचा वारा बर्फाचा थर किनाऱ्यापासून तोडून आत लोटू शकतो. सकाळी जेथे माणसे चालत होती, तेथे काही तासांत मोकळे पाणी दिसू लागते. म्हणून तेथील अधिकारी बर्फाची तपासणी करून मगच वाट खुली करतात. आणि बर्फ पूर्णपणे निर्धोक असा कधीच नसतो, हेही बजावून सांगतात. २०१४ साली कडाक्याची थंडी पडून पंचमहासरोवरांचा सुमारे ९२ टक्के पृष्ठभाग गोठला होता. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाट खुली राहिली व सुमारे १,३८,००० लोकांनी गुहा पाहिल्या. त्यापूर्वी २००९ नंतर अशी संधी आली नव्हती. पुढील वर्षी, २०१५ मध्ये, अवघे नऊ दिवस मिळाले. आणि नंतर वर्षांमागून वर्षे वाट बंदच राहिली.

यावरून माझे पहिले मत असे की, या सहलीची तारीख आपण ठरवूच नये. ती सरोवराला ठरवू द्यावी. आपण फक्त तयार असावे. निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली त्या दिवसाची खबर पाहावी, वाऱ्याची दिशा व वेग पाहावा, आणि वाट बंद असल्यास निमूटपणे बेत बदलावा. यावर कोणी म्हणेल, “मिनिआपोलिसहून चार तास मोटार हाकीत आलेल्या, शिकागोहून तर त्याच्या दुप्पट वेळ घालविलेल्या माणसाला पुळणीवरून परत पाठविणे निष्ठुरपणाचे नव्हे काय? बर्फ तर समोर भक्कम दिसतो!” हा आक्षेप मला मान्य नाही. आपण किती दूरून आलो, किती पैसे खर्चिले, याची बर्फाला गणती नसते. उलट, जितका खर्च अधिक तितका माणूस धोका पत्करावयास अधिक उतावीळ होतो. म्हणूनच निर्णय त्याच्यावर सोडू नये. शिवाय डोळ्यांना दिसणे हा पुरावा नव्हे. शांत तळ्यावरही नवा, स्वच्छ बर्फ निदान चार इंच जाड असल्यावाचून त्यावर चालू नये, असा शेजारच्या मिनेसोटा संस्थानाच्या सरकारी खात्याचा सल्ला आहे. पांढरट बर्फाचे बळ तर त्याच्या निम्मेच धरतात. मग वाऱ्याने हलणाऱ्या महासरोवराची गोष्ट काय सांगावी?

गुहेच्या मोहकपणामुळे तिच्या ऋतूचा विसर पडला की काय होते, याची उदाहरणे इतर देशांतून व प्रांतांतून मिळतात. आइसलंडातील ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर २५ ऑगस्ट २०२४ रोजी, मार्गदर्शक बरोबर असताना, बर्फ कोसळून एक प्रवासी मरण पावला. वॉशिंग्टन संस्थानातील ‘बिग फोर’ नावाच्या हिमगुहा जुलै २०१५ मध्ये अशाच ढासळून प्राणहानी झाली. या गुहा सुपीरिअरच्या गुहांहून निराळ्या जातीच्या. पण धडा एकच. बर्फाने बांधलेले घर बर्फाच्या नियमानेच मोडते. लोंबत्या सुळ्यांखाली उभे राहून छायाचित्र काढविणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता अंगच्या तयारीविषयी. सुती कपडे घामाने भिजले की ऊब देत नाहीत. म्हणून आत लोकरी किंवा तत्सम कपडे, वर वारा अडविणारे आवरण, आणि बुटांना बांधावयाचे लोखंडी काटे अवश्य असावेत. हाती काठी असावी. प्रसंगी बर्फात रुतवून वर येण्यासाठी टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी गळ्यात अडकवाव्यात. बर्फ फुटून कोणी पाण्यात पडलाच, तर पहिल्या मिनिटात श्वास आवरावा. हातपाय कामाचे राहतात ती सुमारे दहा मिनिटेच. जिकडून आलो तिकडेच तोंड करून, पाय झाडीत, पोटावर सरपटत वर यावे. व उभे न राहता लोळत दूर जावे. ही माहिती घरी पाठ करावयाची असते. पाण्यात पडल्यावर शिकावयास वेळ मिळत नाही.

पण सामानापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंडळीतील करार. माझ्या मते निघण्यापूर्वीच तीन गोष्टी सर्वांनी एकमुखाने ठरवाव्यात. पहिली, परत फिरण्याची वेळ. गुहा दिसो वा न दिसो, घड्याळात ती वाजली की पाठ फिरवावी, कारण तेथील हिवाळ्याचा दिवस लहान असतो. दुसरी, चाल सर्वांत मंद गड्याची. तिसरी, “मागे फिरू या” असे कोणीही, अगदी सर्वांत लहान मुलानेही, म्हटले तर त्याची थट्टा होणार नाही. वर्गात काय किंवा सहलीत काय, भ्यालेले मूल बहुधा गप्प बसते. आणि ते गप्प का बसले हे वडीलधाऱ्यांना उशिरा कळते. म्हणून बोलण्याची मुभा अगोदरच द्यावी लागते.

आणि वाट बंदच निघाली तर? त्याच पुळणीपासून कड्याच्या माथ्यावरून रानातली एक पायवाट जाते. सुमारे दोन मैलांवर तिच्यावरून गुहांचे कडे वरून दिसू लागतात. तीही निसरडी, कडेला जाण्याजोगी नव्हे. तथापि जो अंतर राखून चालेल त्याला झाडी, बर्फ व अथांग सरोवर पाहावयास मिळेल. तेवढ्याने ज्याचे समाधान होते, तोच पुढे केव्हातरी गोठलेल्या सरोवरावर पाऊल ठेवण्यास लायक, असे मी समजतो. पुढच्या हिवाळ्यात गुहा पुन्हा घडतील किंवा घडणारही नाहीत. पाहणारा मात्र सुखरूप घरी असला पाहिजे.