उडीच्या आधी गादी



चॅनेलवरचा एक जुना व्हिडिओ मी गेल्या महिन्यात काढून टाकला. 'सगळं पणाला लावा, तरच धंदा होतो' हा त्याचा विषय. चांगला चालला होता. बऱ्याच जणांनी मेसेज केले, "सर, तो व्हिडिओ कुठं गेला?" आज त्याचं उत्तर देतो. मला स्वतःला ते उंच उडीच्या खेळात सापडलं, म्हणून आधी थोडं खेळाचं वाचावं लागेल.

१४ सप्टेंबर २०२५, टोकियो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची पात्रता फेरी सुरू होती. त्यात इटलीचा जियानमार्को ताम्बेरी होता. ह्याच मैदानावर २०२१ मध्ये त्यानं ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकलं होतं, २०२३ मध्ये बुडापेस्टला तो जगज्जेता झाला होता. त्या दिवशी तो २.१६ मीटरच्या पुढं जाऊ शकला नाही आणि बाहेर पडला. त्याच फेरीत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा सर्वेश कुशारे २.२५ मीटर उडी मारून अंतिम फेरीत गेला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. दोन दिवसांनी अंतिम फेरीत २.२८ मीटर, त्याची तोवरची सर्वोत्तम उडी, आणि जगात सहावा नंबर.

आता ह्यावर 'बघा, गरिबाच्या पोरानं चॅम्पियनला मागं टाकलं' असा व्हिडिओ करता आला असता. व्ह्यूजही आले असते. पण मला त्या पोराच्या गोष्टीत दुसरीच वस्तू दिसली. ती म्हणजे त्याची गादी.

उंच उडीत खेळाडू पाठीवर पडतो. दोन मीटरच्या वरून पाठीवर पडायचं म्हणजे खाली जाड फोमची गादी पाहिजे. ती महाग असते, गावातल्या शाळेत कुठून येणार? सर्वेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक रावसाहेब जाधव सर. त्यांच्याकडं शिकताना मक्याची भुसकटं, शेतातला टाकाऊ माल पोत्यांत भरून गादी केली गेली आणि त्यावर सराव झाला. आपल्या मोताळा-मलकापूर भागात मका काढल्यावर जे भुसकट बांधावर पडून राहतं ना, तेच. पुढं तो सैन्यात गेला, चांगल्या सोयी मिळाल्या. पण पहिली गादी भुसकटाची.

मजा अशी की हा खेळच गादीमुळं बदललाय. पूर्वी खेळाडू वाळूत नाहीतर लाकडाच्या भुशात उतरायचे, म्हणून पायावर उतरणं भाग होतं. मऊ गाद्या आल्या आणि अमेरिकेच्या डिक फॉसबरीनं पाठीवरून उडी मारायची पद्धत काढली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये लोक आधी हसले, मग त्यानं २.२४ मीटरला सुवर्ण घेतलं. आज बहुतेक सगळे तसंच उडतात. फॉसबरीचं धाडस सगळे सांगतात. गादी नसती तर त्या धाडसाचा शेवट दवाखान्यात झाला असता, हे कोणी सांगत नाही.

मीही सांगितलं नव्हतं. आणि मला तर माहीत होतं.

माझं चिखलीत मोटार-पंप आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. २०१८ च्या जूनमध्ये मी मेहकरला दुसरं दुकान टाकलं. बीबीए केलेलं, एक्सेलमध्ये तीन वर्षांचा हिशोब मांडला होता, सगळे आकडे वर जाणारे. घरातली एफडी मोडली, बायकोचे दागिने ठेवले, वर कर्ज. बाबा एवढंच म्हणाले, "आणि पाऊस नाही आला तं?" मी हसलो. त्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरीत पाणी नाही तर पंप कोण घेतो? जो माल गेला तो उधारीवर गेला. चौदा महिन्यांनी शटर खाली ओढलं. साडेचार लाखांचा खड्डा. चिखलीचं दुकान चालू होतं आणि घर आमचं स्वतःचं होतं, म्हणून आम्ही वाचलो. मी पडलो, पण गादीवर पडलो.

आणि नंतर चॅनेल सुरू केल्यावर मी लोकांना काय सांगितलं? 'मी सगळं पणाला लावलं होतं.' खोटं होतं ते. मी बरंच लावलं होतं, सगळं नाही. व्हिडिओत 'बरंच' शब्द जोरदार वाटत नाही, म्हणून 'सगळं' म्हणालो.

मागच्या दिवाळीनंतर एक मुलगा दुकानात आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा. पंप घ्यायला आला असेल असं वाटलं. म्हणाला, "सर, तुमचा तो व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला." मी खुश. मग त्यानं सांगितलं. वडिलांची एक एकर जमीन गहाण ठेवून त्यानं तालुक्याच्या गावी चपला-बुटांचं दुकान टाकलं होतं. गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, काचेचा दरवाजा, लायटिंग, ह्यातच निम्मे पैसे गेले. आठ महिन्यांत भाडं थकलं. तो भांडायला आला नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं, "सर, मी कुठं कमी पडलो?"

मित्रांनो, तो कमी पडला नव्हता. मी त्याला उडी शिकवली आणि खाली काय आहे हे विचारलंच नाही.

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. 'जोखीम घ्या' हा अर्धा सल्ला आहे. आधी पडायची सोय करा, मग जोखीम घ्या. उंच उडीत विजेतासुद्धा बहुतेक वेळा शेवटी दांडी पाडूनच थांबतो, कारण उंची वाढत जाते आणि एका उंचीला सलग तीनदा चुकलं की तो बाहेर. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ताम्बेरी आणि कतारचा मुताज बर्शिम दोघांनी २.३७ पार केली आणि दोघंही २.३९ ला तीनदा चुकले. मग दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. म्हणजे सुवर्णपदक मिळालं त्या दिवशीसुद्धा शेवटच्या तीन उड्या फसलेल्याच होत्या. पडणं हा त्या खेळाचा भाग आहे. धंद्याचाही आहे. प्रश्न एवढाच, पडून उठता येतं का?

त्याच ताम्बेरीचं २०१६ चं उदाहरण घ्या. मोनॅकोत त्यानं २.३९ मीटर उडी मारली, इटलीचा विक्रम केला. मग लगेच २.४१ चा प्रयत्न केला आणि घोट्याला गंभीर दुखापत झाली. काही आठवड्यांवर आलेलं रिओ ऑलिम्पिक हुकलं. परत येऊन सुवर्ण घ्यायला त्याला पाच वर्षं लागली. तो परत येऊ शकला, कारण उपचार, प्रशिक्षण, घरचे लोक पाठीशी होते. एक एकरवाल्याला पाच वर्षं कोण देणार?

तुमच्यातले काही जण म्हणतील, "सर, गादी जमवत बसलो तर म्हातारे होऊ." हा मुद्दा बरोबर आहे. फोमची गादी येईपर्यंत थांबले असते तर सर्वेश कुशारे आज कोणाला माहीत नसते. त्यांनी वाट पाहिली नाही, पोती भरली. तुम्हीही हाताशी असेल त्यानंच भरा. माझ्या हिशोबानं चार पोती पुरतात.

पहिलं पोतं, घरखर्च. सहा महिन्यांचा किराणा, शाळेची फी, औषधपाणी, लाइट बिल वेगळं काढा. ह्या पैशाला दुकानानं हात लावायचा नाही. सहा जमत नसतील तर तीन, पण शून्य नको. घरात एकाची नोकरी किंवा दुधाचा धंदा चालू असेल तर तीही गादीच.

दुसरं, माल. पहिल्या वर्षी अकोल्याहून, जालन्याहून भाव दोन रुपये जास्त पडला तरी चालेल, पण न खपलेला माल बदलून देणारा होलसेलवाला धरा. स्वस्तात घेतलेला आणि रॅकवर पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेली रोकड.

तिसरं, जमीन आणि दागिने बाहेर ठेवा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. हप्ता मात्र भरावाच लागतो, ते अनुदान नाही. पण चुकलं तर बांध तरी शाबूत राहतो. ५० हजारांत जेवढं दुकान होतं तेवढंच सुरू करा. काचेचा दरवाजा नंतर.

चौथं, थांबायची रेघ. दुकान उघडायच्या आधी कागदावर लिहा: 'एवढा तोटा झाला, किंवा ह्या तारखेपर्यंत भाडं निघालं नाही, तर मी बंद करीन.' उडीत तीन संधी असतात, चौथी मागता येत नाही. धंद्यात मोजणारा पंच नसतो, म्हणून माणूस चौथी, पाचवी, दहावी मारत राहतो आणि व्याज वाढत जातं. मेहकरला मी सहाव्या महिन्यातच थांबायला पाहिजे होतं. लोक काय म्हणतील म्हणून आठ महिने जास्त ओढलं.

एक गोष्ट अजून. सर्वेशनं २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७ मीटर उडी मारली होती. २०२५ ला टोकियोत २.२८. तीन वर्षांत एक सेंटिमीटर. मधे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत पदकाशिवाय चौथा आला, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २.१५ वरच अडकून पात्रता फेरीतूनच परतला. बाहेरून बघणारा म्हणाला असता, हा पुढं जात नाही. पण त्या एका सेंटिमीटरनं त्याची स्वतःची सर्वोत्तम उडी झाली, आणि तीही जगाच्या अंतिम फेरीत. तुमचं दुकानही असंच वाढणार आहे. उधारी साठ दिवसांची पंचावन्नवर आली, तर तो तुमचा एक सेंटिमीटर. त्यावर कोणी व्हिडिओ करत नाही, पण दुकान त्यावरच टिकतं.

आपल्याकडं दुकानात मालक बसतो त्या जागेलाही गादीच म्हणतात. जुने व्यापारी 'गादी सांभाळ' म्हणायचे. मला तो शब्द फक्त बसण्यापुरता वाटायचा.

तो मुलगा आता गाळा सोडून आठवडी बाजारात चपला विकतो. भाडं नाही, लायटिंग नाही, एक ताडपत्री आणि टेम्पोतला माल. जमीन अजून सुटलेली नाही. महिन्यातून एकदा तो हिशोबाची वही घेऊन दुकानात येतो, आम्ही दोघं बसून बघतो. त्याची फी घ्यायचा प्रश्नच येत नाही, देणं माझ्याकडं आहे.

तुम्ही ह्या वर्षी काही सुरू करणार असाल, तर आज रात्री कागदावर ह्या चार ओळी लिहा. कमेंटमध्ये टाकू नका. आई-वडिलांना, घरच्यांना दाखवा. ते विचारतील, "आणि नाहीच चाललं तं?" तेव्हा माझ्यासारखं हसू नका. त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर असेल, तरच दुकानाचा नारळ फोडा.