सरासरी चांगली आहे हो!

परवा आईशी व्हिडिओवर बोलत होतो. "अरे, तुझं निम्मं बोलणं गिळलं जातंय," आई म्हणाली. इंटरनेटवाल्यांना फोन केला, तर तिथला मुलगा थंडपणे म्हणतो, "सर, स्पीड ९४ एमबीपीएस येतोय. लाईन एकदम ओके!"

मंडळी, माझा राग त्या मुलावर नाही, असल्या मोजमापावर आहे. मीही नोकरीत वर्षानुवर्षं हेच मोजत आलो, तेव्हा थोडा स्वतःवरही.

पहिली चूक, नळ किती मोठा ते मोजायचं, पाणी किती वेळाने येतं ते नाही. दुसरी, घरात कोणी काही वापरत नसताना मोजायचं. लेक फोटो चढवायला बसली की राउटरमध्ये रांग लागते आणि माझा आवाज त्या रांगेत ताटकळतो. २०१०-११ मध्ये जिम गेटिस यांनी ह्या दुखण्याचं 'बफरब्लोट' असं बारसंही केलंय. तरी मोजणारे ढिम्म!

तिसरी चूक सगळ्यात लबाड: सरासरी. आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो, सेकंदाला साधारण ५० तुकडे. समजा, १०० पैकी ९५ तुकडे २० मिलिसेकंदांत पोचले, ५ मात्र पूर्ण सेकंदभर रखडले. सरासरी? ६९ मिलिसेकंद. कागदावर झकास! प्रत्यक्षात दर दोन सेकंदांत पाच तुकडे वाया.

म्हणून म्हणतो, लाईन भरलेली असताना मोजा, आणि सगळ्यात रखडलेल्या पाच टक्क्यांचं काय झालं ते आधी सांगा. माझ्या आईला सरासरी ऐकू येत नाही.